दिवाळीची पोस्त आणि झारीतील शुक्राचार्य

दीपावलीच्या या विशेष पानासाठी यंदा आमच्या वाट्यास बलिप्रतिपदा आली. बळीचे आख्यान आम्ही गेली चाळीस वर्षे पंढरीत आणि पंढरीबाहेर लावीत आलो आहोत. पूर्वरंगात दानाचे निरूपण, उत्तररंगात वामनाची तीन पावले, हा क्रम आमच्या जिभेवर इतका बसला आहे की, हार्मोनियमचा सूर लागताच तो आपोआप चालू होतो. तेव्हा हा लेख आम्हांस सहज लिहिता आला असता. परंतु गेल्या दिवाळीत याच विषयावर आमच्या हातून एक चुकीचा निवाडा दिला गेला. तोही घरच्या माणसांपुढे, शास्त्राचे नाव घेऊन. त्याची दुरुस्ती केल्यावाचून बळीचे नाव घेणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

प्रसंग असा. दिवाळीसाठी आम्ही उभयता पुण्यास चिरंजीवांकडे गेलो होतो. लक्ष्मीपूजनाची सायंकाळ होती. पाट मांडला, केरसुणीला हळदकुंकू वाहिले, आणि सूनबाईंच्या ध्यानात आले की, लाह्या आणि बत्तासे आणावयाचे राहूनच गेले. आमच्या काळी अशा वेळी मुलाला पिशवी देऊन वाण्याकडे पिटाळीत असत. सूनबाईंनी फोनवर बोट फिरविले आणि पंधरा मिनिटांच्या आत दाराची घंटा वाजली. आम्हीच दार उघडले. तेवीस-चोवीस वर्षांचा एक तरुण दारात उभा होता. कपाळावर घाम, श्वास लागलेला. त्याने पुडा आमच्या हाती दिला. भरल्या सणाला हा मुलगा दारी आला आहे, त्याला रिक्त हस्ते कसे पाठवावे, म्हणून “थांब बाळ” असे सांगून आम्ही फराळाची ताटली आणि पन्नासाची नोट आणावयास आत गेलो. परत येऊन पाहतो तो दारात कोणी नाही.

मग घरात चर्चा सुरू झाली. नातू म्हणाला, “आजोबा, फोनवरूनही त्यांना टिप देता येते. वीस रुपये टाकू?” चिरंजीव म्हणाले, “आपण पोचविण्याचे पैसे वेगळे भरलेलेच आहेत. त्याला पगार देणे हे कंपनीचे काम. आपण कशाला नवी सवय लावावयाची?” सूनबाईंचे मत याच्या उलट पडले. शेवटी चिरंजीवांनी आमच्याकडे वळून विचारले, “नाना, तुम्ही सांगा. शास्त्र काय म्हणते?”

पूजेला उशीर होत होता. आम्ही म्हणालो, “दान सत्पात्री असावे. हा तर व्यवहार आहे, दान नव्हे. व्यवहारात ठरल्यापेक्षा अधिक देण्याचा विधी नाही.” शास्त्रीबुवांनी सांगितले म्हणताच विषय संपला. नातवाने फोन खाली ठेवला. आरती झाली. त्या रात्री मात्र आम्हांस झोप लागली नाही, आणि त्याचे कारण फराळाचे जडान्न नव्हते.

आमच्या वाक्याचा पूर्वार्ध खरा होता, हे प्रथम सांगितले पाहिजे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील सात्त्विक दानाचे एक लक्षण असे की, ज्याने आपल्यावर उपकार केलेला नाही अशास ते द्यावे. आता दारी आलेल्या त्या मुलाने तर आपले काम केले आहे. सणाच्या सायंकाळी स्वतःच्या घरचे लक्ष्मीपूजन टाकून त्याने आपल्या लक्ष्मीपुढच्या लाह्या आणल्या. तो उपकर्ता ठरला. म्हणजे त्यास जे द्यावयाचे ते दान होऊच शकत नाही. परंतु यावरून ‘म्हणून देऊ नये’ असा निष्कर्ष आम्ही काढला, तो मात्र तर्कशास्त्राच्या पहिल्या इयत्तेतील विद्यार्थ्यालाही शोभणारा नव्हता. जे दान नाही ते ऋण असू शकते. दान दिले नाही तर पुण्य मिळत नाही, एवढेच. ऋण फेडले नाही तर पाप लागते. आमच्या निवाड्याने आमची सुटका होण्याऐवजी आम्ही अधिकच अडकलो होतो.

नारदस्मृतीत या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केलेला आढळतो. एकदा दिलेले परत मागता येत नाही असे योग्य देणे कोणते, हे सांगताना स्मृतिकार सात प्रकार मोजतात. त्यांत विकत घेतलेल्या वस्तूचे मूल्य आहे, कामाची भृती म्हणजे वेतन आहे, आणि या दोहोंहून वेगळे असे, संतोष झाला म्हणून दिलेले आणि उपकाराची फेड म्हणून दिलेले, असेही प्रकार आहेत. म्हणजे मूल्य आणि वेतन चुकते केल्यानंतरही संतोषाचे आणि प्रत्युपकाराचे देणे उरते, आणि त्यास धर्मशास्त्रात स्वतंत्र स्थान आहे. ‘व्यवहारात अधिक देण्याचा विधी नाही’ हे आमचे विधान नारदांच्या या यादीपुढे टिकत नाही.

तेथेच, व्यर्थ ठरणाऱ्या देण्यांची जी सोळा प्रकारांची यादी दिली आहे, तीत उत्कोच म्हणजे लाच आहे, आणि ‘हा माझे काम करील’ या आशेने दिलेलेही आहे. हा भेद आज मोलाचा ठरतो. भाड्याची मोटार बोलाविताना गाडी येण्याच्या आधीच टिप कबूल करा, म्हणजे गाडी लवकर मिळेल, अशी सोय काही काळापूर्वी निघाली होती. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्याबद्दल एका मोठ्या कंपनीस नोटीस बजावली. काम होण्यापूर्वी, काम व्हावे म्हणून दिलेले ते पारितोषिक कसले? नारदांनी त्यास कोणत्या यादीत घातले असते, हे सांगावयास नको.

मीमांसकांनी तर हा प्रश्न थेट आमच्या व्यवसायासंबंधी विचारला आहे. यज्ञात ऋत्विजांस जी दक्षिणा देतात ती दान की वेतन? आपल्यापैकी बहुतेकांस ते दानच वाटेल. पूर्वमीमांसेचे उत्तर निराळे आहे. दक्षिणा ही परिक्रयासाठी, म्हणजे ऋत्विजांचे श्रम मोबदला देऊन मिळविण्यासाठी आहे. ज्योतिष्टोमात एकशे बारा गाईंची दक्षिणा सांगितली आहे, आणि ती सोळा ऋत्विजांत कशी वाटावयाची हेही ठरलेले आहे. चार मुख्यांचा वाटा मोठा. बाकीच्या बाराजणांस त्याचे अर्धे, तिसरा हिस्सा आणि चौथा हिस्सा. त्यांची नावेच अर्धी, तृतीयी आणि पादी अशी त्या वाट्यांवरून पडली. यजमान उदार आहे की कृपण, यावर शेवटच्या पादीचा वाटा सोडलेला नाही. वेदमंत्र म्हणणाऱ्याचे श्रम जेथे वेतनास पात्र आहेत, तेथे लाह्या आणणाऱ्याच्या श्रमांस कमी लेखण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

वेतन थकविणे हा मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांपैकी, म्हणजे राजदरबारी दाद मागण्याच्या विषयांपैकी एक आहे. कौटिल्याने वेतन न देणाऱ्यास दंड सांगितला आहे, आणि वेतन आधी बोललेले नसेल तर शेतमजुरास धान्याचा, गुराख्यास तुपाचा दहावा भाग मिळावा असे लिहून ठेवले आहे. कामगार आजारी पडला किंवा संकटात सापडला तर त्यास सवलत मिळावी, बदली माणसाकडून काम करवून घेण्याची मुभा असावी, इतका विचार त्या तथाकथित कठोर ग्रंथात आहे.

हे झाले ग्रंथांचे. आता आमच्या पोटापाण्याचे सांगतो, कारण त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही ती ग्रंथांमुळे नव्हे.

कीर्तनकाराचे उत्पन्न दोन वाटांनी येते. एक बिदागी, ती यजमानाशी आधी ठरते. दुसरे आरतीचे तबक. आख्यान संपल्यावर तबक श्रोत्यांतून फिरते, ज्याच्या मनात येईल तो त्यात काही टाकतो. (कीर्तनाच्या ठायी कीर्तनकाराने अन्नद्रव्य घेऊ नये, असा तुकोबांचा दंडक आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. तो दंडक आम्हांस पाळता आला नाही, याची लाज मनात घेऊनच आम्ही बुक्का लावतो.) १९८८ च्या सुमारास एका गावी तीन दिवसांची कीर्तने होती. बिदागी तीनशे रुपये ठरली होती. तिसऱ्या दिवशी निघताना यजमानांनी आमच्या हाती नारळ आणि एकशे ऐंशी रुपये ठेवले. आम्ही पाहतच राहिलो. ते हसून म्हणाले, “बुवा, तबकात एकशे वीस जमले आहेत. ते तुमचेच. झाले की नाही तीनशे?”

वाचकहो, हिशेब बिनचूक होता. लबाडी त्यातच होती. श्रोत्यांनी संतोषाने टाकलेले पैसे यजमानांनी स्वतःच्या देण्यात वळते करून घेतले. ज्या म्हातारीने कनवटीची चवली सोडून तबकात टाकली, तिला वाटले की आपण बुवांना दिले. वास्तविक तिने ते यजमानांना दिले होते.

हीच युक्ती अमेरिकेत कायद्याने मान्य केलेली आहे. आमचा भाचा तिकडे असतो. त्याच्याकडून प्रथम कळले तेव्हा विश्वास बसला नाही. तेथील संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर आहे. परंतु ज्या नोकरांस गिऱ्हाइकांकडून टिप मिळते, त्यांना मालकाने ताशी २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतात, उरलेली रक्कम टिपेतून भरून निघावी असा नियम आहे. तो २ डॉलर १३ सेंटचा आकडा १९९१ पासून हललेला नाही. काही राज्यांनी आपापल्या कायद्याने अधिक दिले आहे, ही गोष्ट निराळी. तेथे उपाहारगृहात बिलाच्या पंधरा-वीस टक्के टिप ठेवणे हे सौजन्य राहिले नसून वाढप्याच्या भाकरीचा तो मुख्य भाग झाला आहे. चिरंजीवांनी ‘सवय’ म्हटले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा हेच असावे. ती भीती पोकळ नाही, हे आम्ही एकशे ऐंशी रुपये हातात घेऊन शिकलो आहोत.

मग द्यावयाचे की नाही?

आमच्या लहानपणी दिवाळीची पोस्त हा शब्द घरोघर ऐकू येई. पोस्टमन, दूधवाला, परीट, झाडूवाला, रात्री काठी आपटीत जाणारा गुरखा, असे सर्वजण पाडव्याला किंवा त्याच्या आसपास दारी येत. घरधनी कोनाड्यात आधीच मोडून ठेवलेले सुटे पैसे काढी. घरातील बाई फराळाची पुडी देई. पोस्त मागण्यात मागणाऱ्यास लाज नसे आणि देण्यात देणाऱ्यास आढ्यता नसे, असे आम्हांस आठवते. परंतु आठवण ही देणाऱ्याच्या ओसरीवरून पाहिलेली आहे. दाराबाहेर उभे असणाऱ्याची आठवण काय असेल, हेही विचारले पाहिजे.

गावगाड्यात बलुतेदारास खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, प्रत्येकाची पेंढी ठरलेली. तो हक्क होता, वतन होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून त्याचे चित्र रेखाटले आहे. परंतु ज्यांच्या वाट्यास गावकीची सगळी हलकी कामे आली, त्यांना त्या हक्काच्या धान्यासाठीही दारोदार हिंडावे लागे, आणि सणाच्या दिवशी उरलेल्या अन्नासाठी हाक मारावी लागे. तेव्हा हक्क नावापुरता उरला आणि लाचारी खरी झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले, ते याच कारणाने. आपल्याच लोकांचे वतन सोडवावयास निघालेला हा पुरुष काय सांगत होता, ते आमच्यासारख्या पोथीत डोके घातलेल्यांस फार उशिरा कळले. पोटापुरते मोजून वेतन द्या, माणुसकीने वागवा, मग सणाची पुडी द्या. हा क्रम उलटा केला की पुडीचा उष्टा तुकडा होतो.

आता बळीकडे येतो, कारण हा सारा गुंता त्याच्या आख्यानात आहे.

भागवताच्या अष्टम स्कंधात बटू वामन तीन पावले भूमी मागतो, तेव्हा शुक्राचार्य बळीस आडवितात. कीर्तनात आम्ही पुढे एक प्रसंग रंगवितो, जो भागवतात शोधू जाल तर सापडणार नाही. तो कथेकऱ्यांचा आहे. बळी उदक सोडण्यास झारी उचलतो, आणि शुक्राचार्य सूक्ष्म रूपाने झारीच्या तोटीत जाऊन बसतात. पाणी पडत नाही. वामन दर्भाची काडी तोटीत घालतो, शुक्राचार्यांचा एक डोळा जातो आणि धार मोकळी होते. ‘झारीतील शुक्राचार्य’ हा वाक्प्रचार मराठीत त्यावरून रूढ झाला. देणारा द्यावयास तयार, घेणारा हात पुढे करून उभा, आणि मध्ये कोणी तरी बसलेला.

आम्ही बिलावर ‘पोचविण्याचा आकार’ म्हणून जे भरतो, ते त्या मुलाच्या हाती जसेच्या तसे पडत नाही. या मुलांना महिन्याचा पगार नसतो, खेपेवर मोबदला असतो; अंतरावर तो कमीजास्त होतो, आणि दिवसभरात अमुक खेपा पुऱ्या केल्या तर वर काही मिळते. दुचाकी त्यांची, पेट्रोल त्यांचे, पंक्चर झाले तर वेळही त्यांचाच. कंपनीच्या लेखी ते नोकर नाहीत, ‘भागीदार’ आहेत. शब्द मोठा गोड आहे. नफ्याच्या वाटणीच्या दिवशी मात्र या भागीदारास कोणी बोलावीत नाही. टिप म्हणून टाकलेली रक्कम पूर्णपणे पोचवितो असे बहुतेक कंपन्या सांगतात, आणि ते खरे धरून चालू. पण टिप मिळतेच आहे म्हणून खेपेचा दर उतरविला, तर आमच्या त्या यजमानांचाच हिशेब झाला.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०–२१ मध्ये देशात अशा रीतीने काम करणारे सुमारे ७७ लाख लोक होते, आणि २०२९–३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. राजस्थानने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी देशातला पहिला कायदा केला. केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून, कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत घालावी असे तीत म्हटले आहे. महाराष्ट्रास ही कल्पना नवी नाही. धान्याची पोती पाठीवर वाहणाऱ्या हमाल-माथाडींसाठी या राज्याने १९६९ सालीच कायदा करून मजुरीवर अधिक आकार मालकाकडून वसूल करण्याची व्यवस्था केली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली, तीही पन्नासच्या दशकातली गोष्ट. पोत्याची पिशवी झाली आणि पाठीची दुचाकी झाली, एवढाच फरक. दर्भाची काडी ती हीच. ती राजसत्तेने आणि संघटनेने घालावयाची असते. वीस रुपयांच्या टिपेने तोटी मोकळी होत नाही.

म्हणून आमची दुरुस्ती अशी. वेतन पुरेसे मिळावे यासाठी जे बोलावयाचे ते बोलले पाहिजे, आणि तोवर दारी आलेल्यास संतोषाचे देणे थांबविता कामा नये. चिरंजीवांचा आक्षेप कंपनीवर आहे. त्याची वसुली त्या मुलाकडून कशी करावयाची? यजमानांनी आम्हांस फसविले म्हणून त्या म्हातारीने तबकात टाकावयाचे नव्हते, असे आम्हांस आजही वाटत नाही.

किती द्यावे, हा पुढचा प्रश्न. येथे झारीतल्या शुक्राचार्यांचेही ऐकले पाहिजे, कारण ते केवळ खलपुरुष नव्हते. ज्या दानाने स्वतःची उपजीविकाच बुडते ते दान शहाणे वाखाणीत नाहीत, संपत्तीचे धर्म, कीर्ती, व्यवहार, उपभोग आणि स्वजन असे पाच वाटे करावेत, असे त्यांनी बळीस सांगितल्याचे भागवतात आहे. निवृत्तिवेतनावर घर चालविणाऱ्याने प्रत्येक खेपेस पन्नास रुपये द्यावेत असे आम्ही म्हणणार नाही. दहा-वीस रुपये द्या. पाऊस असेल, रात्र असेल, जिने चढून यावयाचे असेल तर थोडे अधिक. नेहमी येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. घरकाम करणाऱ्या बाईस दिवाळीला एका महिन्याचा पगार अधिक देण्याची चाल अनेक घरांत आहे. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप करून आपल्या मागण्या मांडल्या, तेव्हापासून अशा गोष्टी मेहेरबानीच्या राहिलेल्या नाहीत, आणि ते योग्यच झाले. गंमत अशी की, सेवकास वर्षाकाठी वेतनाचा आठवा भाग पारितोषिक म्हणून द्यावा, असे ज्या ग्रंथात सांगितले आहे त्याचे नाव शुक्रनीती. त्याच्या काळाविषयी विद्वानांत वाद आहेत, काहीजण तो अगदी अलीकडचा मानतात. पण परंपरेने तो ज्यांच्या नावावर घातला, ते हेच तोटीत बसणारे आचार्य! महिन्याच्या पगाराचा हिशेब केला तर आठवा भाग म्हणजे दीड महिन्याचे वेतन होते. आमची एका महिन्याची चाल शुक्राचार्यांहूनही हात आखडती आहे.

आणि कसे द्यावे? तैत्तिरीय उपनिषदातील दीक्षान्त उपदेशात श्रद्धेने द्यावे हे तर आहेच, परंतु लाजून द्यावे असेही आहे. देणाऱ्याने लाजावयाचे, घेणाऱ्याने नव्हे. त्याचा अर्थ आम्हांस बाराव्या वर्षी कळला, उपनिषद पुढे पाठ झाले.

१९७२ चे साल. दुष्काळ पडला होता. आम्ही पंढरपुरास पाठशाळेत शिकत होतो आणि वार लावून जेवत होतो. सात दिवसांची सात घरे. रेशनवरच्या लाल मिलोची भाकरी सर्वांच्याच घरी. तेव्हा पानात काय पडते याची तक्रार नव्हती. सोमवारच्या घरी ताट पायरीवर ठेवून आतून कडी लावीत. ताटात कधीकधी भाजीही असे. गुरुवारच्या घरी भाकरी अर्धीच मिळे, पण तेथील काकू समोर बसत आणि “आज एवढेच आहे रे बाळा” म्हणताना खाली पाहत. सोमवारचे ताट गुरुवारच्याहून भरलेले असे. गुरुवारची अर्धी भाकरी आमच्या अंगी लागली.

लक्ष्मीपूजनाच्या त्या रात्री आम्हांस सोमवारची पायरी आठवली. आम्ही शास्त्राची कडी आतून लावून घेतली होती.

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही खाली उतरलो तेव्हा तोच मुलगा दोन पिशव्या घेऊन जिन्याकडे निघालेला दिसला. आम्ही त्याला थांबविले. परवा न सांगता का गेलास, असे विचारले. तो ओशाळला. “बाबा, वेळ लागला असता तर पुढची ऑर्डर गेली असती.” आमचे गंध पाहून त्याने पंढरपूरचे का, असे विचारले. तो परभणीकडचा, घरी वारी आहे, आजी दरवर्षी जाते. आम्ही पन्नासाची नोट काढली. त्याने ती घेतली, डोक्याला लावली, खिशात घातली, आणि पुन्हा जिन्याकडे वळला.

“अरे, लिफ्ट चालू आहे की,” आम्ही म्हणालो.

“ती मेंबर लोकांसाठी आहे, बाबा. आमची मागच्या बाजूची, ती बंद पडून आठवडा झाला.”

म्हणजे परवा तो लाह्या-बत्तासे घेऊन सात मजले चढून आला होता. दारातला तो घाम दिवाळीतल्या उकाड्याचा समजून आम्ही आत वळलो होतो. आम्ही त्याला विचारले की, पैशांशिवाय आणखी काही हवे का. तो हसला आणि म्हणाला, “पैसे नकोत असे नाही म्हणत. पण लिफ्ट मिळाली तर बरे होईल.” एवढे बोलून तो पिशव्या सावरीत वर गेला. मागाहून आम्ही लिफ्टने वर गेलो, त्याचे नाव विचारावयाचे राहिले ते राहिलेच.

चिरंजीव त्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत. आम्ही झालेला प्रकार सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत. मात्र आमचा लक्ष्मीपूजनाचा निवाडा आता रद्द समजावा, असे आम्ही नातवासमक्ष सांगितले. तेव्हापासून त्या घरात दाराजवळच्या वाटीत सुट्या नोटा ठेवलेल्या असतात आणि नातू तिच्यावर देखरेख करतो. यंदाच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत चिरंजीवांनी सामान आणणाऱ्यांना मुख्य लिफ्ट वापरू देण्याचा विषय घातला. तो सातवा होता. सहावा विषय वाहने उभी करण्याच्या जागेचा निघाला, त्यावर दोन तास वादावादी झाली आणि सभा तहकूब झाली. तहकूब सभा तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी आहे. कार्तिकीची कीर्तने आटोपून आम्ही त्या दिवशी पुण्यास जाणार आहोत. आम्ही सभासद नाही, तेव्हा बोलता येणार नाही; पण मागे बसावयास कोणाची हरकत नसावी.